तायडे यांच्या गाडीचा मागचा दिवा

भीमराव गोविंदराव तायडे. जन्म मूर्तिजापूर, जिल्हा अकोला, ९ जुलै १९५१; मृत्यू जयपूर, २ नोव्हेंबर २०२४. विद्युत शाखेची पदविका. रेल्वेच्या सिग्नल खात्यात छत्तीस वर्षे सेवा, त्यांतली अखेरची सत्तावीस जयपूर विभागात. पश्चात पत्नी लताबाई व मुलगा नीरज.

त्यांच्या हाताखाली काम केलेली माणसे सांगतात की तायडे यांच्या हद्दीत सिग्नलमुळे कधी अपघात झाला नाही, आणि तायडे यांच्या जिभेमुळे झाला नाही असा दिवस उजाडला नाही. राग हा त्यांचा स्थायीभाव होता. सैल पेच, तिरपा शिक्का, तारीख न घातलेला अर्ज, अर्धवट पुसलेला फळा, यांतले काहीही दिसले की त्यांच्या कानाच्या पाळ्या आधी लाल होत आणि मग तोंड उघडे. तो राग पोकळ नव्हता, हेही ती माणसे मान्य करतात. सिग्नल खात्यात दोन नियम देवासारखे पाळले जातात. पहिला असा की यंत्रणेत कुठेही बिघाड झाला, तार तुटली, वीज गेली, तरी सिग्नल आपोआप लाल झाला पाहिजे. चुकायचेच असेल तर गाडी थांबवण्याच्या बाजूने चुकावे. दुसरा असा की यंत्रणेला हात लावण्यापूर्वी स्टेशनमास्तरला लेखी सूचना द्यायची, त्याची सही घ्यायची, आणि मगच पेचकस बाहेर काढायचा. या सूचनेला मेमो म्हणतात. मेमो न देता एक पेच फिरवला म्हणून तायडे यांनी एका जुन्या कारागिराची वेतनवाढ रोखली होती. तो कारागीर रडला, तरी ते बधले नाहीत.

निवृत्तीनंतर जयपूरच्या जगतपुऱ्यातल्या घरीही हा शिरस्ता चालू राहिला. पंख्याला तेल घालायचे असले तरी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून ते जाहीर करीत, "लता, सव्वादहा ते पावणेअकरा मोठा पंखा बंद." लताबाई आतून म्हणत, "समजलं." त्याशिवाय ते शिडीवर चढत नसत.

लताबाईंच्या पाठीच्या कण्याचे दोन वेळा ऑपरेशन झाले होते. दुसऱ्यानंतर त्यांना अर्ध्या तासापेक्षा अधिक बसवत नसे. आगगाडीचा प्रवास संपला, विमानाचे तर नावच नको. इकडे मूर्तिजापुरात त्यांची थोरली बहीण आनंदीबाई ब्याऐंशीला टेकली होती. आई गेली तेव्हा लता चार वर्षांची होती. तिला आनंदीबाईंनीच वाढवले. आता आनंदीबाईंना फोनवरचे काही ऐकू येत नसे. समोर बसून, तोंड कानाशी नेऊन बोलले तरच संवाद. सहा वर्षे दोघींची गाठ नव्हती. दर रविवारी भाची फोन करी आणि सांगे, "मावशी, आई विचारते, लता कधी येते? म्हणते, मले लय बोलायचं हाय तिच्याशी."

म्हणून नीरजने एक जुनी सतरा आसनी गाडी घेतली आणि विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात बनवारीलाल जांगिड यांच्या कारखान्यात तिचे मोटारहोम करायला दिली. आत कठड्याचा पलंग, छोटे शौचालय, पाण्याची टाकी, छताला पंखा. मागची भिंत पूर्ण बदलून फायबरची केली. नीरज शहरातल्याच झालाना भागात एका कार्यालयात नोकरीला होता. तो जयपुरात जन्मला, जयपुरात शिकला. त्याची मराठी हिंदीच्या काठीला धरून चाले. तो गाडीला कॅम्पर म्हणे. भीमराव तिला डबा म्हणत.

गाडीच्या रचनेत बदल झाला की तिला पुन्हा तपासणीतून जावे लागते. त्याशिवाय कागदपत्रांवर नोंद होत नाही आणि रस्त्यावर काढता येत नाही. पहिली तपासणी २४ एप्रिल २०२३ रोजी झाली आणि गाडी नापास झाली. कारण एकच. ब्रेक दाबला की मागचा डावा लाल दिवा मिणमिणे, आणि भरीस भर म्हणून वळणाचा पिवळा दिवाही उजळे.

भीमरावांनी दुसऱ्याच दिवशी डब्याच्या मागच्या दिव्यांची झाकणे उतरवली आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मोटारीत दिव्यापर्यंत एकच तार नेतात. विजेचा परतीचा मार्ग म्हणजे गाडीचे लोखंडी अंग. पण इथे मागची भिंत फायबरची! कारागिराने परतीची तार एका रंगवलेल्या पट्टीला पेच मारून अडकवून दिली होती. विजेला परत जायला वाट नव्हती, म्हणून ती शेजारच्या दिव्यातून वाट शोधीत होती. जोड पिळून त्यावर नुसती चिकटपट्टी गुंडाळलेली.

ते तडक कारखान्यात गेले. जांगिड साठीचे होते, अंगाने बारीक, कानात पेन्सिल अडकवलेले. त्यांचे आजोबा बैलगाडीची चाके करीत. ते स्वतः लाकडाचे उत्तम जाणकार होते आणि डब्यातला पलंग त्यांनी आपल्या हाताने घडवला होता. विजेचे काम ते दुसऱ्याकडून करून घेत.

"जांगिडजी, ये क्या है?" भीमरावांनी पिळलेला तारेचा तुकडा त्यांच्या टेबलावर आपटला.

"तार है, बाऊजी."

"ये तार नहीं है! ये फाँसी का फंदा है! पीछे से ट्रक आ रहा है, उसको मालूम ही नहीं कि आगेवाला रुक रहा है. अंदर मेरी पत्नी लेटी हुई है. आपने उसके पीछे ये बाँधा है!"

कारखान्यातले आठ-दहा कारागीर रंधा थांबवून पाहू लागले. जांगिडांनी तुकडा उचलला, उलटसुलट केला, आणि मान खाली घातली. "गलती हुई, बाऊजी. लड़के को मैं देख लूँगा. गाड़ी भेज दो, एक दिन में नई लाइन डलवा दूँगा. मैं खुद बैठूँगा."

"आप हाथ नहीं लगाएँगे."

"बाऊजी, मेरा काम है."

"काम! इसको काम बोलते हैं आप?"

नीरज मधे पडला. त्याने वडिलांना बाहेर आणले आणि गाडीत बसवीत म्हणाला, "बाबा, ते माफी मागतायत ना. मतलब, करून देतील फ्री मध्ये. तुम्ही सबके सामने इतकं का बोलता?"

"कारण सबके सामनेच तार बांधली त्याने!"

काम भीमरावांनीच केले. मे महिना लागला होता. सकाळी सहा ते दहा आणि सायंकाळी पाच ते सात अशी वेळ ठरवून ते गल्लीत चटई अंथरून डब्याखाली शिरत. वयाच्या बहात्तराव्या वर्षी. प्रत्येक दिव्याला त्यांनी स्वतंत्र परतीची तार दिली, ती थेट बॅटरीपर्यंत नेली, जोड वितळवलेल्या कथलाने डाखले, त्यांवर नळ्या चढवल्या, दर वीतभर अंतरावर तार बांधली. काम असे झाले की शेजारचे शर्माजी मुद्दाम वाकून पाहून गेले. इथे थांबले असते तर गाडी पास होती.

पण समाधान होईना. ब्रेकच्या पायाशी एक कळ असते. पाय दाबला की ती जुळते आणि मागे दिवा लागतो. तार तुटली तर? दिवा लागणारच नाही, आणि चालवणाऱ्याला कळणारही नाही. छत्तीस वर्षे ज्याच्या विरुद्ध ते भांडले ते हेच. म्हणून ६ मे रोजी त्यांनी रचना उलटी केली. कळ बदलली आणि मधे एक छोटा रिले बसवला, म्हणजे विजेने ओढला जाणारा खटका. पाय वर असताना रिलेला सतत वीज मिळे आणि तो दिवा बंद धरून ठेवी. पाय दाबला की वीज तुटे, रिले सुटे, दिवा लागे. तार तुटली, फ्यूज उडाला, काही झाले तरी दिवा लालच. ही सारी जोडणी गाडीची चावी फिरवली की जिवंत होई; रिलेच्या विजेसाठी त्यांनी चालकाच्या गुडघ्याजवळच्या पेटीत वेगळा फ्यूज टाकला. रिलेवर आपल्या वळणदार अक्षरात चिठ्ठी चिकटवली, तिच्यावर पारदर्शक पट्टी लावली.

लताबाई खिडकीशी पलंगावर कुशीवर पडून हे सारे पाहत असत.

"झालं का हो?"

"झालं. आता हा डबा कुठंबी बिघडला तरी मागच्याले लाल दिसन."

"नीरजले सांगतलं का काय केलं ते?"

"त्याले काय समजते त्यातलं? कागदावरचा साहेब हाय तो."

"चालवणार तर तोच हाय ना."

"चालवू दे की. चालवायले रिले समजावा लागत नाई!"

लताबाईंनी पिशवी भरायला घेतली होती. आनंदीबाईंसाठी बगरू गावची ठशांच्या छपाईची एक ओढणी घेतली होती. ती त्यांनी तिसऱ्यांदा घडी मोडून पुन्हा घातली.

दुसरी तपासणी ८ मे रोजी होती. पास झाली की ९ तारखेच्या पहाटे निघायचे, कोटा, इंदूर, बऱ्हाणपूर करीत ११ ला मूर्तिजापूर, असे ठरलेले. भाचीला तसे कळवलेही होते. आणि भीमरावांनी एक आगाऊपणा केला: जांगिडांना फोन करून बोलावले. "आइए और देखिए, वायरिंग किसको कहते हैं." जांगिड आले. पांढरा स्वच्छ सदरा घालून, मोटरसायकलवर, तेवढ्या उन्हात. नाही आले असते तरी चालले असते. पण गाडी त्यांच्या कारखान्यातून निघालेली होती, आणि ते आले.

तपासणी केंद्रावर रांग लांब होती. डब्यात भट्टी झाली होती आणि छताचा पंखा काही केल्या फिरेना. भीमराव बाहेर जांगिडांना डाखलेल्या जोडांचे महत्त्व ऐकवीत होते. नीरजने पेटी उघडली. पंख्याचा फ्यूज उडालेला. शेजारीच एक वेगळा, जास्तीचा दिसणारा फ्यूज होता, त्याच्यावर काही लिहिलेले नव्हते. आईला उद्या पंखा लागेल, आजच चालतो का बघू, म्हणून त्याने तो काढून पंख्याच्या जागी बसवला. पंखा फिरू लागला. नीरज खूश झाला.

निरीक्षक श्रीमती मीणा गाडीच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. "चाबी घुमाकर ब्रेक दबाइए." दिवे लागले, दोन्ही सारखे, भडक लाल. भीमरावांनी जांगिडांकडे पाहिले. "छोड़िए." दिवे तसेच.

"छोड़िए, भाईसाहब."

"छोड़ दिया, मैडम!" नीरज आतून ओरडला.

"फिर दबाइए. छोड़िए." दिवे तसेच.

भीमरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते जांगिडांवर वळले. "पेडल का स्विच! वो आपके कारखाने में खुला था! आपके आदमी ने उधर भी हाथ मारा होगा. शरम नहीं आती? बढ़ई हो तो लकड़ी काटो, लोगों की जान से क्यों खेलते हो!" रांगेतले चालक खाली उतरून गोळा झाले. कोणी हसले. जांगिडांनी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसले आणि एवढेच म्हणाले, "बाऊजी, लाइन को तो आपने मुझे छूने ही नहीं दिया."

"चुप रहो!"

"एक मिनट," श्रीमती मीणा म्हणाल्या. त्यांनी नीरजला बाजूला सरकवले, पायापाशी वाकल्या, टॉर्च मारला. मग ताठ झाल्या. "यहाँ एक रिले लगा है. उस पर कुछ लिखा है. मराठी है क्या?" त्यांनी पुन्हा वाकून एकेक शब्द वाचला. "'ब्रेक दिवा रिले. बिघाडात दिवा चालू. हात लावू नये. भी. गो. तायडे, ६ मे २०२३.' ये तायडे कौन हैं?"

चालकांतला एक जण पुढे सरकून ऐकू लागला.

"'बिघाडात दिवा चालू', इसका क्या मतलब हुआ?"

भीमरावांना स्वतःच सांगावे लागले. "खराबी होने पर... बत्ती चालू रहेगी."

"तो खराबी है. और बत्ती चालू है. आपका रिले बराबर काम कर रहा है, अंकलजी." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, तो असता तर बरे झाले असते. "लेकिन ब्रेक की बत्ती हमेशा जलती रहे तो पीछेवाले को कैसे पता चलेगा कि आपने ब्रेक कब मारा? ये रेल नहीं है. फेल." त्यांनी शेरा लिहिला. पुढची तारीख २२ मे.

फ्यूज कोठे गेला ते दोन मिनिटांत उलगडले. भीमराव डब्यात चढले, पंख्याकडे पाहिले, आणि सगळा राग गोळा होऊन मुलावर आला. "फ्यूज काहून काढला तू? कोणाले विचारलं?"

नीरजने आयुष्यात पहिल्यांदा वडिलांच्या आवाजावर आवाज चढवला. "मी थोडी ना जाणून केलं! मला काय माहीत होतं का? तुम्ही सांगितलं होतं? त्या फ्यूजवर काही लिहिलंय? मेमो दिला होता मला, बाबा? मेमो?"

तो शब्द त्यांनी मुलाला सहाव्या वर्षी शिकवला होता. भीमराव खाली उतरले. जांगिडांची मोटरसायकल फाटकातून बाहेर पडत होती.

घरी लताबाईंनी दारातच दोघांचे चेहरे पाहिले. भीमरावांनी झाले ते क्रमवार सांगितले; काहीही लपवले नाही, काही सावरूनही घेतले नाही. लताबाईंनी विचारले, "किती दिवस?" "चौदा." त्यांनी भरलेल्या पिशवीची चेन लावली आणि ती पलंगाखाली सरकवली. बोलल्या नाहीत. भीमरावांना त्या बोलायला हव्या होत्या. रात्रीच्या जेवणात मीठ नाही म्हणून ते ओरडले, मग लक्षात आले की मीठ होते.

रिले त्याच सायंकाळी निघाला. साधी कळ, साधी तार. अर्धा तास लागला.

१६ मे रोजी आनंदीबाईंना झटका आला. उजवे अंग गेले आणि वाचा गेली. भाचीने फोन केला तेव्हा भीमराव शेजारी उभे होते. "जय भीम, काका. मावशीले द्या," एवढेच ती त्यांच्याशी बोलली. फोन ठेवल्यावर त्यांनी तारखा मोजल्या. ११ ते १६. पाच दिवस मिळाले असते. त्यांनी ते कोणाला म्हटले नाही, पण पाच दिवसांत दोन बहिणी काय काय बोलल्या असत्या याचा विचार करता करता ते गल्लीत गेले आणि डब्याच्या चाकाला लाथ मारली. पायाचे नख काळे पडले. मग त्या नखाचाही राग आला.

२२ तारखेला गाडी पास झाली. श्रीमती मीणांनी पाच वेळा ब्रेक दाबायला लावला. २३ ला निघून, वाटेत एकच मुक्काम करून, २४ ला संध्याकाळी ते मूर्तिजापूरला पोचले. लताबाई सारा रस्ता जांगिडांनी केलेल्या पलंगावर झोपून गेल्या. पाठ एकदाही दुखली नाही, हे त्यांनी दोनदा सांगितले. आनंदीबाईंनी बहिणीला ओळखले. डाव्या हाताने तिचा चेहरा चाचपला. तोंडातून नुसता घोगरा आवाज येई. तो आला की त्या स्वतःच चिडून हात आपटीत. लताबाई अठरा दिवस राहिल्या. कानाशी तोंड नेऊन बोलत राहिल्या. उत्तर आले नाही. आनंदीबाई ऑगस्टमध्ये गेल्या. ओढणी त्यांच्या खांद्यावर होती.

जयपूरला परतल्यावर भीमराव एके दिवशी बसने विश्वकर्मा क्षेत्रात गेले. कारखान्यात शिरले, आणि रंधे चालू असतानाच मोठ्याने म्हणाले, "सब लोग सुनो." रंधे थांबले. "आठ मई को मैंने जांगिडजी को जो बोला, गलत बोला. गलती मेरी थी." मग श्वास घेऊन पुढे, "लेकिन पहलेवाली वायरिंग भी रद्दी थी. वो बात मैं वापस नहीं लेता."

जांगिडांनी कानातली पेन्सिल काढली. "मत लीजिए, बाऊजी. चाय लीजिए." पुढे जांगिडांकडे तयार होणाऱ्या प्रत्येक गाडीची तारजोडणी भीमराव पाहून देऊ लागले. दर पंधरवड्याला तिथे त्यांची आरडाओरड ऐकू येई. त्यांच्या अंत्ययात्रेला कारखाना दिवसभर बंद होता.

घरी मात्र त्या आठ तारखेचा विषय निघाला नाही. एकदा जेवताना त्यांनी सुरुवात केली होती, "लता, ते मे महिन्यातलं..." लताबाई म्हणाल्या, "वरण घ्या." त्यांनी वरण घेतले.

ते गेल्यावर नीरजला त्यांच्या कपाटात, दाखल्यांच्या फाइलीत, रेल्वेच्या जुन्या मेमोच्या नमुन्यावर लिहिलेला एक कागद सापडला. तारीख ३० जून २०२३. मागची तारीख घालणे त्यांच्या हातून झाले नसते. "प्रति, श्रीमती लता भीमराव तायडे. विषय: दि. ६ मे रोजी द्यावयाची राहिलेली सूचना. मागील दिव्याच्या जोडणीत बदल केला. संबंधितांस पूर्वसूचना दिली नाही. त्यामुळे गाडीस चौदा दिवस उशीर. संपूर्ण जबाबदारी खाली सही करणाराची." खाली सही, पूर्ण नावानिशी. डाव्या कोपऱ्यात, ज्याला मेमो दिला त्याच्या सहीसाठी, 'सूचना मिळाली' आणि पुढे आखलेली रेघ.

दीड वर्ष तो कागद फाइलीतच होता. दिलेला नव्हता.

नीरजने तो आईला नेऊन दिला. चष्मा लावून लताबाईंनी दोन वेळा वाचला. नीरजने पेन पुढे केले.

"यावर मी कायची सही करू?" त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज नीरजने कधी ऐकला नव्हता इतका चढला. "मले सांगतलं असतं त्या दिवशी तर सही केली असती. नंतर दिला असता तरी भांडले असते, जीव मोकळा झाला असता. कपाटात ठेवून गेला माणूस! ठेव तो जिथं होता तिथं."

नीरजने कागद फाइलीत परत ठेवला. गाडी अजून त्याच्याकडेच आहे; तिचे मागचे दिवे पाय दाबला की लागतात, सोडला की विझतात. डाव्या कोपऱ्यातली रेघ कोरी आहे.